पेरणीची तारीख आणि फवारणीचा पंप

आजच्या भागाचा विषय ऐकून काहींना वाटेल की हा संगणकवाला माणूस शेतीवर काय बोलणार. रास्त शंका आहे. माझा दिवस सर्व्हर आणि स्प्रेडशीटमध्ये जातो. पण गेली काही वर्षं मी मिल्टन कीन्सच्या आसपासच्या शेतकऱ्यांशी जमेल तेव्हा बोलतो, आणि आमची थोडी जमीन मराठवाड्यात अजून आहे, ती चुलतभाऊ करतो. दोन्हीकडे तेलबियांचं पीक आहे आणि दोन्हीकडे एकच वाद सुरू आहे: पेरायचं कधी, आणि फवारायचं कधी.

इथल्या पिकापासून सुरुवात करू, कारण ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. एप्रिलच्या शेवटी, मे महिन्यात मोटारवेच्या दोन्ही बाजूंना पिवळीधमक शेतं दिसतात. नवीन आलेली मंडळी गाडी थांबवून फोटो काढतात, आणि 'दिलवाले दुल्हनिया'तल्या सरसोंच्या शेताची आठवण निघतेच. ते पीक म्हणजे ऑइलसीड रेप, आपल्या मोहरीच्या घराण्यातलं. इथल्या दुकानात 'व्हेजिटेबल ऑइल' लिहिलेली बाटली घेतली तर बहुतेक वेळा आत याचंच तेल असतं. पण मे महिन्यात पिवळं दिसणारं हे पीक पेरलेलं असतं आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये. पूर्ण हिवाळा ते जमिनीलगत बसून काढतं. पिकाचं खरं मरण-जगणं ठरतं ते त्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांत, जेव्हा आपल्यापैकी कोणीही त्या शेताकडे पाहत नाही.

इथे जुन्या लोकांना जाणवलं असेल की पूर्वीइतकी पिवळी शेतं आता दिसत नाहीत. खरं आहे. २०१२ साली ब्रिटनमध्ये साडेसात लाख हेक्टरच्या आसपास रेप होतं. २०२१ मध्ये ते तीन लाख हेक्टरच्या आसपास आलं. बाजारभाव, हवामान, अशी कारणं आहेतच, पण शेतकऱ्याला विचारलं तर तो आधी एका किड्याचं नाव घेतो: कॅबेज स्टेम फ्ली बीटल. आपल्याकडे द्राक्षबागांत ज्या जातीच्या भुंगेऱ्याला 'उडद्या' म्हणतात, त्याचाच हा भाऊबंद. चार-पाच मिलिमीटर लांब, निळसर काळा, चकचकीत, आणि बोट जवळ नेलं की पिसवेसारखा उडी मारतो. म्हणून मीही त्याला उडद्याच म्हणतो.

याचा वार दोन वेळा बसतो, आणि सगळं गणित त्यातच आहे. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत प्रौढ भुंगेरे उडत नव्या पेऱ्यावर येतात. रेप नुकतंच उगवलेलं असतं, दोन बीजदलं आणि फार तर एखादं पान. भुंगेरे त्याला छिद्रं पाडतात. कोरडं वर्ष असेल तर रोप त्यांच्या खाण्याच्या वेगाने वाढू शकत नाही, आणि आठवड्याभरात हिरव्या ओळी नाहीशा होतात. हा पहिला वार दिसतो तरी. दुसरा दिसत नाही. माद्या रोपाच्या बुडाशी मातीत अंडी घालतात, त्यातून निघालेल्या अळ्या पानाच्या देठात शिरतात, तिथून खोडात, आणि वसंतापर्यंत आतून पोखरत राहतात. बाहेरून हिरवंगार दिसणारं झाड मार्चमध्ये उंचच होत नाही, फुलोरा विरळ येतो. देठ उभा चिरून पाहिल्याशिवाय कारण कळत नाही.

मग इतकी वर्षं हे पीक कसं काय निघत होतं? बियाण्याला लावलेल्या औषधामुळे. निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं बियाण्यावर चढवून मिळायची. रोप उगवतानाच ते औषध मुळातून शोषून घ्यायचं, आणि पहिले काही आठवडे पान खाणारा किडा मरायचा. शेतकऱ्याला तारखेची फिकीर नव्हती. पण जे औषध पानात जातं ते थोड्या प्रमाणात परागात आणि मधातही जातं, आणि रेपच्या फुलांवर मधमाश्या तुटून पडतात. मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे युरोपीय संघाने २०१३ मध्ये यातल्या तीन औषधांवर अशा पिकांसाठी निर्बंध घातले. २०१४ च्या शरद ऋतूतला पेरा हा त्यांच्याशिवायचा पहिला. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे ५ टक्के रेप क्षेत्रासाठी तात्पुरती सूट मिळाली होती. २०१८ मध्ये मात्र युरोपात उघड्या शेतातला वापरच बंद झाला.

हातात उरलं ते फवारणीचं पायरेथ्रॉइड. आणि इथे गोष्ट बिघडली. सगळ्यांनी एकच गट वापरायला सुरुवात केली. एका फवाऱ्याने भागलं नाही म्हणून दुसरा, मग तिसरा. हजार भुंगेऱ्यांत पाच जन्मतःच ते औषध पचवणारे असले, तर बाकीचे मेल्यावर पुढची पिढी त्या पाचांचीच. ब्रिटनमधल्या उडद्यात पायरेथ्रॉइडला दाद न देणारे भुंगेरे आता दूरवर पसरले आहेत. शिवाय त्या फवाऱ्यात मरतात ते बिचारे परजीवी कीटक, गांधीलमाशीच्या कुळातले पण डासाहून बारीक, जे या भुंगेऱ्याच्या अळ्यांत अंडी घालून त्यांना संपवतात. म्हणजे शत्रू जिवंत आणि आपला माणूस मेला. पैसे आपणच मोजले.

म्हणून शेतकरी पुन्हा कॅलेंडरकडे वळला. पण तारखेचं उत्तर सोपं नाही, आणि जे सोपं असल्याचं सांगतात त्यांच्यापासून जरा लांब राहावं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पेरलं आणि पाऊस मिळाला, तर भुंगेऱ्यांची झुंड येईपर्यंत रोपाला चार पानं झालेली असतात. चार पानांच्या रोपाला छिद्रांचं फारसं काही वाटत नाही. पण मोठं रोप आणि उबदार शरद म्हणजे माद्यांना अंडी घालायला भरपूर वेळ, आणि हिवाळ्यात देठांत अळ्याही जास्त. उलट सप्टेंबरच्या मध्यानंतर पेरलं, तर झुंड बरीचशी येऊन गेलेली असते, अळ्या कमी होतात. पण रोप लहान राहून थंडीत जातं, आणि त्याला गोगलगायी, रानकबुतरं आणि ओली माती हे तिघेही टपलेले असतात. सर्वांत वाईट म्हणजे मधला काळ, ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरची सुरुवात. पान पंगतीला वाढल्यासारखं रोप नेमकं झुंडीच्या तोंडी येतं.

बेडफर्डशरमधल्या एका वयस्क शेतकऱ्याने मला सांगितलं की तो तारीख बघतच नाही, माती बघतो. रेपचं बी मोहरीएवढं, ते एक-दोन सेंटिमीटर खोलवर पडतं. त्या वरच्या थरात ओल असेल आणि पुढच्या आठवड्यात पाऊस दिसत असेल तरच तो पेरतो, नसेल तर त्या वर्षी त्या शेतात सरळ गहू. त्याचं म्हणणं, कोरड्यात पेरलेलं रेप म्हणजे उडद्याला पाठवलेलं आमंत्रण. मला हा विचार आवडला, कारण यात पैसे अडकण्याआधी बाहेर पडायची वाट आहे. तो घरचंच बी वापरतो, खताचा मोठा हप्ता रोप नीट उभं राहिल्यावरच देतो. पीक गेलं तरी नुकसान थोडक्यात आटोपतं. काही बियाणे कंपन्यांनीही अशाच योजना आणल्या, की पीक उभं राहिलं तरच बियाण्याचे पूर्ण पैसे द्यायचे. एमबीएच्या वर्गात आम्हाला जोखीम वाटून घेण्याचे धडे शिकवले, त्यातलं एकही उदाहरण इतकं स्वच्छ नव्हतं.

बाकीचे उपायही मजेशीर आहेत. मागच्या वर्षीच्या रेपच्या शेतात सांडलेल्या दाण्यांतून आपोआप रोपं उगवतात. ती लगेच नांगरून न टाकता सप्टेंबरच्या शेवटापर्यंत तशीच ठेवली, तर भुंगेरे तिथेच जेवत बसतात आणि शेजारच्या नव्या पेऱ्यावर कमी येतात. काहीजण रेपसोबत बरसीम किंवा बकव्हीट, म्हणजे आपला उपासाचा कुट्टू, मिसळून पेरतात, किड्याला नेमकं रोप सापडायला अवघड जावं म्हणून. आणि काही जण चक्क हिवाळ्यात मेंढ्या सोडतात! अळ्या असतात पानांच्या देठात. मेंढी पान खाते, अळी मेंढीच्या पोटात. खोड वर सरकायच्या आत मेंढ्या बाहेर काढल्या की पीक पुन्हा फुटतं. आपल्याकडे पूर्वी धनगराची मेंढरं शेतात बसवायचे ती खतासाठी. इथे तेच जनावर कीटकनाशकाचं काम करतंय.

आता सातासमुद्रापलीकडे जाऊ. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा गावाकडे जमिनीत वाटा आहे, किंवा सख्खं-चुलत कोणीतरी शेती करतंय आणि हंगामात इथून पैसे जातात. सोलापूर, लातूर, बीड, परभणी, धाराशिव या पट्ट्यातले असाल तर करडई माहीत असणारच. थंडीच्या सुरुवातीला कोवळ्या पानांची भाजी, ज्वारीच्या शेताभोवती जनावरं आत येऊ नयेत म्हणून काटेरी करडईच्या ओळी, आणि घाण्याचं तेल. एके काळी राज्यात तिचं क्षेत्र लाखांत मोजायचे, आता ते हजारांवर आलंय. काढणीला काटे टोचतात, भाव बेभरवशाचा, आणि सोयाबीन-हरभरा ही जोडी सोयीची पडते.

या करडईचा मुख्य शत्रू मावा. काळपट रंगाचा, मऊ, टाचणीच्या डोक्याएवढा किडा. कोवळ्या शेंड्यावर आणि पानाखाली शेकड्यांनी बसून रस शोषतो. त्याच्या अंगातून गोडसर चिकट पाणी झरतं, पानं चकाकतात, आणि मग त्यावर काळी बुरशी चढते. झाड काजळी धरल्यासारखं होतं, पानाला ऊन मिळत नाही. उशिरा पेरलेल्या करडईत वेळेवर लक्ष दिलं नाही तर निम्म्याहून जास्त उत्पादन जाऊ शकतं.

पण मावा एका बाबतीत उडद्यापेक्षा सरळ आहे. तो जोर धरतो तो थंडीत, साधारण डिसेंबर-जानेवारीत, आणि ढगाळ हवा पडली की वाढतो. कोरडवाहू करडईसाठी कृषी विद्यापीठांची शिफारस आहे सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. या वेळेत पेरलेलं पीक माव्याची मोठी लाट येईपर्यंत कोवळेपणा ओलांडून राठ झालेलं असतं. नोव्हेंबरमध्ये पेरलेलं पीक नेमकं त्या लाटेत लुसलुशीत असतं. इथे 'लवकर की उशिरा' असा पेच नाही. लवकर म्हणजे लवकरच. आणि तारखेला पैसे पडत नाहीत, शिवाय तिच्याविरुद्ध किड्यात प्रतिकारशक्ती तयार होत नाही.

मग सगळे वेळेवर का पेरत नाहीत? हा प्रश्न आपण इथे सोफ्यावर बसून फार सहज विचारतो. शेतात सोयाबीन उभं असतं, म्हणून. ते निघेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. त्यात परतीचा पाऊस लांबला तर काळ्या रानात पाय घोट्यापर्यंत जातो. वाफसा येईपर्यंत दहा-बारा दिवस पाभर चालवता येत नाही. शिफारशीची तारीख खरिपात पडीक ठेवलेल्या रानाला बरोबर लागू पडते, आणि रान पडीक ठेवणं आता कोणाला परवडतं? माझा भाऊ म्हणतो, "दादा, तारीख पुस्तकात असते, वाफसा रानात असतो." मग वाट एकच उरते. करडई घ्यायचीच असेल तर त्या तुकड्यात लवकर निघणारं सोयाबीनचं वाण किंवा मूग-उडीद घ्यायचं, म्हणजे रान वेळेत मोकळं होतं. हा निर्णय जूनमध्ये होतो. करडईवरच्या माव्याचा बंदोबस्त जूनमध्ये सुरू होतो, हे मला कळायला वेळ लागला. सोबतीला मावा बऱ्यापैकी सोसणारं वाण, उदाहरणार्थ सोलापूरचं भीमा, निवडता येतं.

एवढं करूनही मावा येणारच. तिथे फवारणीचा प्रश्न उभा राहतो, आणि इथे मला थोडं थांबायचंय, कारण आपण परदेशातून पैसे पाठवणारे लोक याच ठिकाणी सर्वांत जास्त गोंधळ घालतो. फोन येतो, "मावा पडलाय." आपण म्हणतो, "मग मार ना फवारा, पैसे टाकतो." खरं तर आधी मोजायला हवं. शेतात तिरपं चालत जाऊन ठिकठिकाणची झाडं पाहायची. शंभरातल्या तीसेक झाडांवर मावा दिसला की फवारणीची वेळ झाली, असा करडईसाठी सर्वसाधारण दंडक आहे. याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. इथल्या रेपमध्येही तसाच दंडक आहे: एक-दोन पानांच्या रोपाचा पाव भाग खाल्ला गेला असेल तर विचार करायचा, तीन-चार पानांवर गेलेल्या रोपाचा निम्मा भाग गेला असेल तर. अळ्यांसाठी झाडामागे पाच.

यातलं गणित मांडून पाहू. आकडे समजुतीपुरते घेतलेत, बाजारातले नव्हेत. समजा एकरी ४ क्विंटल करडई होणार, भाव क्विंटलला ६,००० रुपये, म्हणजे २४,००० रुपये. औषध आणि मजुरी धरून एका फवाऱ्याला ९०० रुपये. फवाऱ्याने १५ किलो करडई वाचली की पैसे फिटले. एकूण पिकाच्या चार टक्केही नाही. हे गणित बघून कोणीही म्हणेल, मग सरळ फवाराच, हवे तर दोन. आणि लोक नेमकं तेच करतात, कारण कागदावर ते शहाणपणाचं दिसतं. या कागदावर तीन खर्च लिहिलेलेच नाहीत. माव्यावर जगणारे ढालकिडे, क्रायसोपा, सिरफिड माशीच्या अळ्या त्याच फवाऱ्यात मरतात, आणि पंधरा दिवसांनी मावा परत येतो तेव्हा त्याला खाणारं कोणी नसतं. दुसरा खर्च प्रतिकारशक्तीचा, तो उडद्याने इथे दाखवलाच. तिसरा आहे पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या अंगाचा.

तिसऱ्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. पीक डोक्याएवढं वाढलेलं, हवा दमट, अंगावर साधा सदरा, आणि टाकीत दोन-तीन औषधं एकत्र. करडई कपाशीएवढी उंच होत नाही, पण काट्यांत शिरून फवारायचं असतं. करडईच्या माव्यासाठी वर्षानुवर्षं शिफारस होत आलेलं डायमेथोएट हे औषध घ्या. युरोपीय संघात २०१९ मध्ये त्याच्या मान्यतेचं नूतनीकरण झालं नाही. तिकडे ते मिळतं. इथे फवारणी करणाऱ्याला प्रशिक्षणाचा दाखला लागतो, ट्रॅक्टरला बंद काचेची केबिन असते. तिकडे अनेकदा रोजंदारीवरचा मजूर नाकाला रुमाल बांधून उतरतो. आपल्या पैशाने ते औषध आलं असेल, तर तो मजूर आपल्याही हिशोबात धरायला हवा.

म्हणून फोनवर विचारायचे प्रश्न बदलायला हवेत. पेरा कधी झाला? मावा कडेच्या झाडांवरच आहे की आतपर्यंत गेलाय? कारण तो बहुधा बांधाकडच्या ओळींवर आधी दिसतो, आणि तिथेच पकडला तर फक्त कडेची पट्टी फवारून भागतं, अख्खं रान नाही. ढालकिडे दिसतात का? सुरुवातीचा मावा असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क मारून पाहिलास का? फुलोरा आलाय का? आला असेल तर मधमाश्या दिवसभर त्यावर असतात. अगदी गरज पडलीच तर संध्याकाळी उशिरा. दुकानदाराने औषधासोबत टॉनिकची बाटली दिली असेल तर ती टाकीत ओतू नको, बाजूला ठेव. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग कोणता? तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. प्रमाण किती, हे डब्यावरच्या कागदावर बघायचं. चुलत्याच्या आठवणीवर किंवा माझ्यासारख्याच्या रेडिओवरच्या बोलण्यावर जायचं नाही.

आणि पुढच्या वेळी फवारणीसाठी पैसे पाठवाल तेव्हा त्यात रबरी हातमोजे, चांगला मास्क, डोळ्यांचा चष्मा आणि अंगभर ॲप्रन यांचे वेगळे धरा, आणि वस्तू घेतल्याचा फोटो मागवा. सप्टेंबर जवळ येतोय. गावी सोयाबीन कधी निघणार, हे आत्ताच विचारून ठेवा.